लाल चष्म्याची वीस मिनिटं

“यमुनाबाई, किती झाली?”

“नऊ, डॉक्टर.”

“नऊच?”

“घड्याळ तुमचंच हाय. मी काय त्याला ढकलू?”

डॉक्टर तांबवेकर हसले. नाकावर लाल काचांचा जाड चष्मा, चष्म्याच्या बाजूंना उजेड आत शिरू नये म्हणून चामड्याच्या पट्ट्या, आणि खुर्ची मुद्दाम घड्याळाकडे पाठ करून. रोज सकाळी हा माणूस असा वीस मिनिटं बसायचा. गावातली पोरं त्यांना राक्षस डॉक्टर म्हणायची आणि दवाखान्यावरून पळत जायची.

ही बार्शीतली गोष्ट आहे, त्रेसष्ट सालची. तेव्हा छातीचा फोटो काढणं सगळ्यांना झेपणारं नव्हतं. त्यामुळे बहुतेकांचं ‘स्क्रीनिंग’ व्हायचं. काळोख्या खोलीत माणसाला यंत्रापुढे उभं करायचं, त्याच्या छातीपुढे एक पडदा धरायचा आणि पडद्यावर जे फिकट हिरवं दिसेल ते डॉक्टरनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ते इतकं मंद असायचं की उन्हातून थेट आत गेलेल्या माणसाला बरगड्यासुद्धा धड दिसायच्या नाहीत. म्हणून आधी हा लाल चष्मा. डोळे अंधाराला तयार झाले की मगच आत जायचं.

माझं काम दोन प्रकारचं. अंधाऱ्या खोलीत परक्या पुरुषासमोर बाईमाणूस एकटं उभं राहायचं नाही, म्हणून तिच्या खांद्याला धरून मी उभी राहायची. आणि बाहेर ही वीस मिनिटं मोजायची. “मी घड्याळ बघायला लागलो तर मन चुकार होतं. पंधरालाच उठतो मी,” असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “तू बघ. तू सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.” सात वर्षांत एकदाही त्यांनी मागे वळून खात्री केली नव्हती. मी वीस म्हटलं की वीस.

त्या दिवशी पहिला नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा होता. मालन. एकोणीस वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी. अलीकडे जरा जास्तच.

मालनचं लग्न कुर्डुवाडीच्या भानुदासाशी ठरत आलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, निर्व्यसनी, दिसायलाही बरा. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या कानाला लागलं, की पोरीचा बाप मोठ्या खोकल्यानं गेलाय. खोटं नव्हतं ते. आमचे अण्णा शिंपीकाम सोडून जिनिंगमध्ये गेले आणि तिथं कापसाच्या धुरळ्यात चार वर्षं खोकून खोकून गेले. तेव्हा क्षय हा शब्द कोणी उच्चारायचं नाही. मोठा खोकला म्हणायचे, आणि त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत.

भानुदासाच्या मामानं, लिंबाजीरावांनी, निरोप धाडला: पोरीची छाती तपासून डॉक्टरची चिठ्ठी द्या, तपासताना आमचा माणूस हजर पाहिजे. साफ निघाली तर वैशाखात बार उडवू, नाहीतर राम राम.

आता माझंही सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. वर्षभरात हीच कुजबुज माझ्या सासरी पोचली. सासूनं माझी ताटवाटी वेगळी केली, मग अंथरूण वेगळं केलं, आणि नागपंचमीला माहेरी पाठवलं ती परत नेलंच नाही. मला त्या दिवसापासून आजतागायत साधा खोकला झालेला नाही. आज अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. पण माझी छाती साफ असल्याची चिठ्ठी तेव्हा कोणी मागितली नव्हती आणि मी दिली असती तरी कोणी वाचली नसती. मालनच्या हातात ती चिठ्ठी पडलीच पाहिजे, एवढंच मला दिसत होतं.

आणि मला आणखी एक दिसलं होतं. महिन्यापूर्वी आईच्या शिलाईच्या चिंध्यांत एक पांढरं फडकं सापडलं, घडी घालून खाली दडवलेलं. त्यावर फिकट गुलाबी डाग होता. मी ते धुऊन वाळत घातलं आणि तोंडात मूग धरून बसले. मालन संध्याकाळी अंगात कणकण आहे म्हणायची, मी तिला सुंठेचा काढा करून द्यायची. दिवसभर ज्या बाईनं क्षयाच्या पेशंटांना धरून उभं केलं, गोळ्या वेळेवर घ्या म्हणून ज्यांना दटावलं, त्याच बाईनं घरात काढा उकळला. औषधानं माणूस बरा होतो हे मला गावात कोणाहूनही जास्त ठाऊक होतं. सरकारातून फुकट मिळायचं. पण दीड वर्ष चालायचं ते, आणि दीड वर्ष गावानं बघायचं.

माझा हिशेब असा होता: लग्न उरकू, मग पहिल्या सणाला माहेरी आणू, आणि मग गुपचूप औषध चालू करू. शहाणपण किती असावं माणसाला!

सकाळी दवाखान्यात येताना मालन माझ्यापुढे चार पावलं चालत होती. माझेच पाय ओढत होते. मला वाटलं, पोर लग्नाला उतावीळ झालीय.

तर, नऊ मिनिटं झाली होती आणि दारात आरडाओरड झाली. डाळमिलमधल्या एका बाईचा हात पट्ट्यात सापडून कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता. लुगड्यात गुंडाळून तिला दोघींनी धरून आणलं होतं, मागे रक्ताचा माग. डॉक्टरांनी क्षणभरही विचार केला नाही. चष्मा काढून टेबलावर टाकला, बाईला खिडकीपाशी निजवलं, पडदे सारले. चैत्रातलं ऊन लख्ख आत आलं. त्या उजेडात वाकून त्यांनी एकेक टाका घातला. अर्धा तास गेला.

व्हरांड्यात लिंबाजीराव येरझारा घालत होते. हातात काठी, डोक्याला फेटा, तोंडात तंबाखू.

“ओ बाई,” ते मला म्हणाले, “अकराची गाडी हाय माझी. ती चुकली तर थेट संध्याकाळी. तुमच्या डॉक्टरला म्हणावं, बघा की पटकन. पोरीच्या छातीत बघायला एवढा काय मुहूर्त लागतो?”

“चष्मा घालूनच बघावं लागतं, मामा. वीस मिनिटं.”

“मग मी चाललो. पुढच्या महिन्यात बघू. न्हाई तर ऱ्हाऊ द्या. करमाळ्याचं बी एक स्थळ सांगून आलंय.”

डॉक्टर हात धुऊन आले, चष्मा चढवला आणि घड्याळाकडे पाठ करून बसले. “पहिल्यापासून मोज गं,” ते म्हणाले. “आधीची सगळी वाया गेली.”

मालन समोरच्या बाकावर बसली होती. एरवी ती अनोळखी माणसाशी शब्द बोलायची नाही. त्या दिवशी तिनं आपणहून विचारलं.

“डॉक्टर, वाया का गेली? नऊ मिनिटं झालती की.”

डॉक्टरांना असा प्रश्न कोणी विचारला की जेवणाची आठवण राहायची नाही. ते खुर्चीत पुढे सरकले.

“हे बघ. डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पडदा असतो. त्या पडद्यात जांभळट रंग असतो. त्या रंगामुळे आपल्याला अंधारात दिसतं. पण त्याच्यावर उजेड पडला की तो विटतो. मी आत्ता उन्हात टाके घातले ना? सगळा विटला.”

“मग नवा आणायचा कुठनं?”

“तीच तर गंमत! नवा आणत नाहीत. तुमचं घर शिंप्याचं ना? जुनं झालं की काय करता?”

“उसवायचं. त्याच कापडाचं पुन्हा शिवायचं.”

“शाब्बास! डोळाही तेच करतो. तो रंग अ जीवनसत्त्वापासून झालेला असतो. विटला म्हणून डोळा ते फेकत नाही. पडद्याच्या मागे एक काळा थर असतो, तिकडे पाठवतो. तिथे ते पुन्हा नीट होतं, आणि परत येऊन बसतं जागेवर. थोडंफार सांडतं, तेवढं रक्तातून भरून घेतो. रक्ताला काळजातून, म्हणजे यकृतातून, मिळतं. काळजात साठा असतो सहा-सहा महिने पुरेल एवढा. पण हे उसवणं-शिवणं चालायला वेळ लागतो. घाई करून चालत नाही. म्हणून ही वीस मिनिटं.”

“आणि लाल का?”

“लाल उजेडाला तो रंग जुमानत नाही. लाल काचेतून मी तुझा चेहरा बघतोय, आणि आत माझा शिंपी मुकाट्यानं शिवतोय.”

मालन हसली. मग तिनं विचारलं, “वीस मिनिटं झाल्यावर बारीकसं असलं तरी दिसतं?”

“तांदळाच्या दाण्याएवढं असलं तरी दिसतं.”

मी घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं झाली होती. व्हरांड्यात लिंबाजीराव काठी आपटत होते. तांदळाच्या दाण्याएवढंही दिसतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

“झाली वीस,” मी म्हणाले.

“झाली?” डॉक्टर उठले. “बघ, बोलायला कोणी मिळालं की कळतसुद्धा नाही.”

काळोख्या खोलीत मालनला मी यंत्रापुढे उभं केलं. खांदा धरला. तो थरथरत नव्हता. यंत्र घुमायला लागलं. मला त्या पडद्यावर कधीच काही दिसायचं नाही, नुसता ओल्या शेवाळासारखा उजेड. डॉक्टर पडदा वरखाली करत होते.

“श्वास घे. धर. सोड. पुन्हा घे.” ते थांबले. उजव्या बाजूला, वर, गळ्याच्या हाडापाशी थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. “यमुनाबाई, पडदा आज मंद वाटतोय. व्होल्टेज उतरलंय का?”

त्यांनी विचारलं होतं. देवानं मला दुसरी संधी दिली होती, आणि तीही मी मातीत घातली.

“व्हय डॉक्टर. डाळमिल चालू झाली की असंच हुतं. बत्ती बी पिवळी पडलीया बाहेर.”

“हं.” पुन्हा एकदा त्यांनी वर बघितलं. “ठीक आहे. काही दिसत नाही. साफ आहे छाती.”

बाहेर आल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सही केली. लिंबाजीरावांनी ती उलटसुलट करून पाहिली, फेट्यात खोचली आणि मोठ्यानं हसले. “चला, सुंठीवाचून खोकला गेला! बाई, बस्ता बांधायला लागा.”

मालन बाकावर बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, दमली असेल. परत जाताना ती माझ्या मागे चालत होती.

वैशाखात लग्न झालं. नागपंचमीला मी तिला आणायला गेले, तर सासूनं सांगितलं, पहिला सण इथंच करू. गौरीगणपतीला गेले, तेव्हा मालन चुलीपाशी खोकत होती. मी भानुदासाला बाजूला घेऊन म्हटलं, एकदा बार्शीला आणून दाखवू या. लिंबाजीराव तिथंच जेवत होते. त्यांनी कोपरीच्या खिशातनं चिठ्ठी काढली. सोबत बाळगायचे ते.

“तुमच्याच डॉक्टरची सही हाय न्हवं? छाती साफ. आता ह्यो साधा खोकला. पोरी माहेरला जायला काय बी निमित्त काढत्यात.”

मी काय बोलणार होते? चिठ्ठी खोटी आहे म्हणून? कशी खोटी आहे म्हणून? खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. मी दोन घास खाल्ले आणि गाडी पकडली.

माघात त्यांनी तिला आणून घातली. आणून घातली हाच शब्द. भानुदास तिला उचलूनच आत घेऊन आला. डॉक्टरांनी लाल चष्मा लावला, मी वीस मिनिटं मोजली, एक क्षण कमी नाही. आतमध्ये डॉक्टरांनी पडदा धरला. श्वास घे म्हटलं नाही, सोड म्हटलं नाही. यंत्र बंद करून तसेच अंधारात उभे राहिले.

मग म्हणाले, “दोन्ही बाजू. उजवी तर वरपासून खालपर्यंत.”

मालनला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मी रजा घेऊन तिच्यापाशी बसले. औषधं चालू झाली, पण आता त्यांचा उपयोग नव्हता. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती जरा हुशारीत होती. मी तिची वेणी घालत होते.

“आक्का,” ती म्हणाली, “एक इचारू? तू रागावशील.”

“न्हाई रागावत. इचार.”

“त्या दिशी दवाखान्यात यायच्या आदी मी रातभर देवाला म्हणत हुते, डॉक्टरला दिसू दे. मला ठावं हुतं आत काय तरी हाय. रगत पडायचं माझं. तुला आन आईला सांगायला भ्या वाटायचं, लगीन मोडलं तर तुम्ही काय म्हणशीला. म्हणलं, डॉक्टरच सांगत्याल. मग कुणाचा दोष ऱ्हाणार न्हाई. औषध घीन, बरी हुईन. लगीन काय, नंतर बी हुतं. न्हाई तर न्हाई. तुज्यासंगं दवाखान्यात कामाला आली असती.”

मी केसांचा पुढचा पेड घेतला.

“डॉक्टर म्हणलं तांदळाच्या दाण्याएवढं बी दिसतं. मग माजं कसं दिसलं न्हाई गं, आक्का?”

मी वेणी पूर्ण केली, फीत बांधली. “दिसत न्हाई कधी कधी,” म्हणाले. तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता. पाच दिवसांनी ती गेली.

बार्शीला परत आले तर डॉक्टरांच्या टेबलावर माशाच्या तेलाची बाटली. शार्क माशाच्या काळजाचं तेल. आयुष्यात अंड्याला शिवला नाही तो माणूस. डॉक्टरांची बायको, आमच्या वहिनी, नाकाला पदर लावून ती बाटली उंबऱ्याबाहेर ठेवायच्या आणि हे दवाखान्यात आणून रोज दोन चमचे घ्यायचे. जेवणात रोज शेवग्याचा पाला, गाजर, पपई. यंत्र बघायला पुण्याहून माणूस बोलावला, त्यानं सांगितलं यंत्र ठणठणीत आहे. पुण्याला जाऊन डोळे तपासून आले, तेही ठणठणीत. पण त्यांचा विश्वास बसेना. आपल्या डोळ्यातला साठा संपत आलाय, आतला शिंपी म्हातारा झालाय, एवढंच डोक्यात बसलं होतं. दुपारी पेशंट नसले की काळोख्या खोलीत एकटेच जाऊन बसायचे, भिंतीवरचा खिळा किती वेळानं दिसतो ते मोजत.

यंत्र बरोबर, डोळे बरोबर. मग उरतंच काय? वेळ. दुसऱ्या कोणालाही ते पहिल्यांदा सुचलं असतं. त्यांना एकदाही सुचलं नाही, कारण वेळ मी मोजत होते.

पाडव्याला त्यांनी स्क्रीनिंग बंद केलं. “पुन्हा कोणाच्या मुलीला मी साफ म्हणणार नाही,” म्हणाले. त्यानंतर छाती दाखवायची तर बार्शीच्या माणसाला सोलापूरला जायला लागायचं. जाणारे गेले. जे गेले नाहीत त्यांतल्या काहींच्या दारातून मी नंतर तिरडी जाताना पाहिली. अशा किती मालन माझ्या खात्यावर आहेत, ते मोजायचा धीर मला झाला नाही.

मालनच्या वर्षश्राद्धाला डॉक्टर आमच्या घरी आले. न बोलावता, पायी. आईनं घोंगडी टाकली, पण ते बसले नाहीत. साठीच्या त्या विद्वान माणसानं माझ्यापुढे, त्यांच्याकडे बायकांचे खांदे धरायला ठेवलेल्या बाईपुढे, हात जोडले.

“यमुनाबाई, मला त्या दिवशी अंधुक दिसत होतं. आत काहीतरी आहे असंही क्षणभर वाटलं होतं. तू व्होल्टेजचं म्हणालीस. मला नंतर कळलं, तू मला सांभाळून घेत होतीस. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत हे बहिणीसमोर, पाहुण्यांसमोर कसं म्हणायचं, म्हणून तू बोलली नाहीस. त्या सभ्यपणानं तुझी बहीण गेली. मी तिला मारलं. जमलं तर मला क्षमा कर.”

आता बोल, असं माझं मन मला म्हणत होतं. एक वाक्य होतं. सात मिनिटं झाली होती, डॉक्टर. एवढंच म्हणायचं होतं. ते मी बोलले असते तर तो माणूस उभ्या जागी मोकळा झाला असता, परत चष्मा लावून बसला असता. पण आई दारात उभी होती, तिचे डोळे माझ्यावर होते. तिला आता मी एकटीच उरले होते, आणि मलाही तीच.

“असू द्या, डॉक्टर,” मी म्हणाले. “चुकतं माणसाचं. मी केलं तुम्हांला माफ.”

ते लहान पोरासारखे रडले. आई म्हणाली, माझ्या यमुनेचं मन फार मोठं आहे.